दोनशे रोपांतली अकरा वाचली, त्या शाळेसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेमागून ओढा जातो, तो पुढे मलप्रभा नदीला मिळतो. गेल्या जूनमध्ये आठवी-नववीच्या मुलांनी त्याच्या काठाने २०० रोपं लावली, त्यातली आज ११ जिवंत आहेत. आता पुन्हा लावायची तर आपल्या रानातलीच झाडं लावावीत असं त्यांच्या मनात आहे. कोणती लावू, कुठून आणू, आणि मुलं नुसते खड्डे खणण्यापलीकडे काही कशी शिकतील, असं त्या विचारतात.

बाई, तीसेक वर्षं मी रोपवाटिकेत आणि ओढ्याकाठी काढली, त्यातली पहिली आठ-दहा चुका करण्यात. म्हणून आधीच नावडतं सांगून टाकतो. येत्या मृगावर रोपं लावू नका. हे वर्ष बी गोळा करण्यात, रोपं वाढवण्यात आणि ओढा बघण्यात घालवा. लावणी पुढच्या मृगावर, आणि तीही २०० नाही, चाळीसच. चाळीस मुलांना चाळीस झाडं सांभाळता येतात. दोनशे कोणालाच येत नाहीत, हे तुमच्या ओढ्यानं दाखवलंच आहे.

सुरुवात त्या अकरांपासून करा. मुलांना घेऊन एकेका रोपापाशी जा आणि हेच का वाचलं ते विचारा. माझा अंदाज असा की निम्मी तरी करवंदीच्या किंवा घाणेरीच्या जाळीत सापडतील, जिथं गुरांचं तोंड पोचलं नाही. दोन-चार एखाद्या घराच्या परसाजवळ असतील, कारण तिथल्या कुणीतरी उन्हाळ्यात सांडपाणी टाकलं असेल. जी मेली त्यांचेही खड्डे शोधा. पुरानं नेली, गुरांनी खाल्ली, वाळली, की कुणी बांध पेटवला त्यात गेली? मुलं बरोबर सांगतात, कारण ती रोज त्याच वाटेनं जातात. हा एक तास वर्गातल्या धड्यापेक्षा जास्त शिकवतो. त्याला खर्चही काही नाही.

त्यानंतर मुलांना पाण्याबरोबर चालवा. 'पाणलोट' हा शब्द आपल्याकडे सरकारी फलकांमुळे सगळ्यांना पाठ आहे, पण आपण स्वतः कुठल्या पाणलोटात राहतो हे विचारलं की मोठी माणसंही गप्प होतात. शाळेच्या कौलांवर पडलेलं पाणी कुठून गटारात जातं, गटार कुठं ओढ्याला मिळतं, ओढा कुणाकुणाच्या शेताकडून वळतो, हे पावसाळ्यातल्या एका उघडिपीला चालत बघा. पुढचं नकाशावर दाखवा. मलप्रभेचा कणकुंबीला उगम, हब्बनहट्टी, असोगा, खानापूर, मग नविलुतीर्थाचं धरण, आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. गंमत अशी की कणकुंबीच्या त्याच रानातला एक उतार म्हादई नदीकडे, म्हणजे अरबी समुद्राकडे जातो आणि दुसरा मलप्रभेतून बंगालच्या उपसागराकडे. शेजारशेजारच्या दोन कौलांवर पडलेले थेंब दोन समुद्रांना जातात हे कळलं की मुलांना ओढा म्हणजे नुसती कचरा टाकायची जागा वाटेनाशी होते. बेळगाव शहराच्या बाजूच्या शाळांनी हेच मार्कंडेय नदीचं करावं. राकसकोप धरणाचं पाणी आपण पितो आणि बळ्ळारी नाल्यातून काय परत पाठवतो, तेही बघावं.

पाऊस सगळीकडे सारखा नाही, हेही याच वेळी सांगा. कणकुंबीत पडतो त्याच्या निम्माही बेळगाव शहरात पडत नाही, आणि सौंदत्तीकडे गेलात तर तोही राहत नाही. तेव्हा जांबोटीच्या रानातलं झाड 'देशी' असलं तरी बैलहोंगलच्या काळ्या रानात ते परकंच. देशी म्हणजे भारतातलं, एवढ्यानं भागत नाही. आपल्या ओढ्याचं असावं लागतं.

आता कामाला लागू. ओढ्याचा शंभर मीटरचा एकच तुकडा निवडा. दोरी लावून त्याचे दहा भाग पाडा, प्रत्येक भाग चार मुलांना द्या. त्यांनी महिन्यातून एकदा तिथं जायचं, एकाच दगडावर उभं राहून एकच फोटो काढायचा आणि वहीत लिहायचं: पाणी कुठवर आहे, काय फुललंय, काय वाळलंय, कुठल्या झाडाखाली कुठली पोरं उगवलीत. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मुलांना पात्रात उतरू देऊ नका, काठावरूनच बघायचं. आपल्या ओढ्यांना तासाभरात लोंढा येतो. आणि दगडाखाली हात घालायचा नाही. फुरशासारख्या विषारी सापाला शाळा कळत नाही.

वहीत नावासाठी तीन रकाने ठेवा. घरात म्हणतात ते नाव, कन्नड नाव, आणि शास्त्रातलं नाव. आपल्या भागाचा हा एक मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही. एक उदाहरण बघा. अर्जुन नावातून काय कळतं? महाभारत आठवतं, बस्स. कन्नडमध्ये त्यालाच 'होळे मत्ती' म्हणतात. होळे म्हणजे नदी, मत्ती म्हणजे आपला ऐन. नदीकाठचा ऐन! झाड कुठं लावायचं ते नावातच लिहिलंय. ताम्हण घ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून पोरं पाठ करतात, पण कन्नडमध्ये ते 'होळे दासवाळ', नदीची जास्वंद. म्हणजे ताम्हणाला पाय ओले लागतात. आणि हा मत्ती शब्द घाट उतरून गेलात तर गोव्यात भेटतो, तिथला राज्यवृक्ष म्हणजे हाच ऐन. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आपल्याकडे काय काय झालं ते सांगायला नको, पण झाडावर तीन भाषांची नावं एकत्र बसतात आणि कुणाची तक्रार नसते. वर्गात ज्याच्या घरी कन्नड बोलतात त्या मुलाला या रकान्याचा प्रमुख करा. तो घरी जाऊन आजीला विचारेल आणि तुम्हाला-मला ठाऊक नाही असं काहीतरी घेऊन येईल.

ओळख पटवायची ती पुस्तकातल्या चित्रावरून नको, हात लावून. ऐन आणि अर्जुन शेजारी ठेवून बघायला लावा. ऐनाची साल काळपट, सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट राखाडी, जुनी झाली की पापुद्रे सुटतात आणि आत कोवळा रंग दिसतो. एकदा तळहात फिरवला की मूल आयुष्यभर चुकत नाही.

पहिल्या वर्षात आणखी एक करा, जवळची देवराई बघा. तुमच्या तालुक्यात ती शोधायला लांब जावं लागणार नाही. देवराईतून जो ओढा जातो त्याच्या काठावर काय काय आहे आणि पाण्यापासून किती अंतरावर आहे, ते लिहून घ्या. तुमच्या ओढ्याकाठी पूर्वी काय असेल, त्याचा तो नमुना. गावकरांना आधी विचारा, चपला बाहेर ठेवा, गाऱ्हाणं घालायचं म्हणाले तर घाला. आतून काही आणायचं नाही, खाली पडलेलं बीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कायद्यानंच मनाई आहे. ते २०११ साली जाहीर झालं, आणि अजून तिथं लोक सहज पिशवी भरून बी आणतात. शाळेनं तरी आणू नये.

आता माझी चूक. सुरुवातीच्या काळात एका गावच्या ओढ्यावर आम्ही काम घेतलं. मे महिना, हाताशी पंधरा-वीस कॉलेजची पोरं, उत्साह भरपूर. काठ घाणेरीनं भरला होता. आम्ही दोन्ही काठ सलग साफ केले, मुळासकट, आणि पात्रातल्या खडकांत वाढलेली लांब पानांची झुडपंही काढून टाकली, पाणी अडतं म्हणून. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, "बाळानो, ती शेरणी कशाला उपटायलाय? ती हाय म्हणून बांध हाय." आम्ही हसलो. जुलैत पहिल्या मोठ्या पुरात पन्नासेक फूट काठ ढासळला आणि खालच्या शेतकऱ्याच्या लावणी झालेल्या भातात गुडघाभर गाळ बसला. तो माणूस भांडला नाही, नुसता बांधावर बसून राहिला. त्या वर्षीचं भात आम्ही वर्गणी काढून भरून दिलं, पण त्याच्या ओढ्यावर पुन्हा पाय ठेवायला मला तीन वर्षं लागली.

शेरणी हे आपल्या ओढ्यानद्यांतलं फार मोलाचं झुडूप आहे. पुरात ती आडवी होते, पाणी वरून जाऊ देते, आणि पूर ओसरला की पुन्हा उभी. मुळं खडकाच्या फटीत अशी बसलेली असतात की पहार लावूनही निघू नयेत. (आम्ही काढली होती, म्हणजे किती जोर लावला असेल बघा.) २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर मी मुद्दाम काही काठ फिरून बघितले. जिथं शेरणी, वाळुंज आणि करंज होते तिथं काठ खरवडला होता, पण जागेवर होता. नुसतं गवत किंवा नुसती घाणेरी होती तिथं कडे पडले होते.

म्हणून घाणेरी काढायची ती तुकड्यातुकड्यानं. एका वर्षी दहा फूट काढा, पुढचे दहा सोडा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात माती मऊ असते तेव्हा कुदळीनं जमिनीखाली तीन-चार बोटं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथंच टाकायचं, मुळं आभाळाकडे. नुसती वरून कोयत्यानं छाटलीत तर दुप्पट फुटते. रानमोडी हे तण मात्र पावसातच, फुलायच्या आधी, ओल्या मातीतून हातानं उपटून निघते. हे काम मुलं आनंदानं करतात. गाजर गवताला, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो, फुलावर असताना मुलांना हात लावू देऊ नका. अंगावर पुरळ येतं, कुणाला दमा असेल तर त्रास वाढतो. मोठ्यांनी हातमोजे घालून ते काढावं.

बियांकडे वळू. इथं शाळेची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. आपल्या रानातलं निम्मं बी नेमकं एप्रिल-मेच्या सुट्टीत पिकतं. हिरडा, बेहडा थंडीत मिळतात, ते शाळा चालू असताना जमतं. ताम्हणाची बोंडं थंडीत तडकायला लागतात, ती उघडण्याआधी काढून कागदावर वाळवा, नाहीतर चपटं पंखवालं बी वाऱ्यावर जातं. अर्जुन, ऐन, करंज, बहावा हे होळीच्या आसपास आणि नंतर. करवंद सुट्टीत, जांभूळ सुट्टी संपता संपता. तेव्हा परीक्षा संपायच्या दिवशी प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी आणि एका झाडाची जबाबदारी देऊन घरी पाठवा. बी एकाच झाडाचं घेऊ नये, पाच-सात वेगवेगळ्या झाडांखालून थोडं थोडं घ्यावं. आणि सगळं उचलू नये, कारण खारीलाही घर आहे.

प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा आणि मुलांना यातच सगळ्यात मजा येते. करंज सगळ्यात गुणी. शेंग फोडली, बी पिशवीत आडवं टोचलं, दोन-तीन आठवड्यांत वर. नवख्या वर्गाचा आत्मविश्वास वाढवायला करंजच द्या. बहावा हट्टी. बियाच्या कवचावर काचकागद घासून किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्याशिवाय पाणी आत घेत नाही. वीस बिया घासून आणि वीस न घासता पेरा, महिन्यानं मोजा. विज्ञानाचा प्रकल्प तयार. हिरड्याचा गर काढून, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून पेरावा. ऐनाचं बी भरपूर पडतं पण त्यातलं बरंचसं पोकळ असतं, तेव्हा जास्त पेरा आणि निराश होऊ नका.

उंबराचं बी पेरायच्या भानगडीत पडू नका. पाखरांनी ते काम तुमच्यासाठी आधीच केलंय. पावसाळ्यात शाळेची कंपाऊंड भिंत, विहिरीचा कठडा, देवळामागची गटाराची फट बघा. उंबर, पिंपळ, वड यांची चार पानांची पोरं तिथं हमखास असतात, आणि कुणीतरी ती भिंत फोडतील म्हणून उपटून टाकणारच असतं. पाणी मारून, लोखंडी सळीनं अलगद सोडवून पिशवीत लावा. वाळुंज बियापेक्षा फांदीनं सोपा. मृगाचा पाऊस लागला की अंगठ्याएवढ्या जाडीची दीड फूट काडी, दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर, जरा तिरकी खोचायची. उलटी खोचू नका. हसू नका, मी वर्गच्या वर्ग उलटे खोचताना बघितलेत. शेरणीच्या काड्याही अशाच, पण पात्रातल्या दगडांच्या फटीत.

पिशवीबद्दल एक. छोट्या पिशवीत वर्षभर ठेवलेल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळतात, आणि ते रोप जमिनीत गेल्यावरही ती गुंडाळीच धरून बसतं. वरून हिरवं दिसतं, तिसऱ्या वर्षी वाऱ्यानं पडतं. उंच पिशवी घ्या. लावताना पिशवी काढलीच पाहिजे, आणि काढलेल्या पिशव्या मोजून परत आणायच्या. चाळीस गेल्या, चाळीस आल्या पाहिजेत.

मागितलेली यादी आता देतो, पण झाडांच्या नावांनी नाही, पाण्यापासूनच्या अंतरानं. पात्रात आणि पाण्याला टेकून: शेरणी, वाळा, आणि जिथं माती आहे तिथं वाळुंज. पुराचं पाणी दरवर्षी जिथवर चढतं त्या पट्ट्यात: करंज, उंबर, पाणजांभूळ, ताम्हण. काठाच्या वर, जिथं पाय कोरडे पण मूळ ओलीपर्यंत पोचतं: अर्जुन, जांभूळ, कुंभा. त्याहून वर, शेताच्या बांधाकडे: ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, मध्ये मध्ये करवंद, धायटी, निर्गुडी. पुराची रेघ कुठवर येते ते तुमच्या मुलांच्या वहीत तोवर असेलच, म्हणून तर वर्षभर थांबायला सांगितलं. सरळ रांगेत लावू नका. तीन-चारच्या पुंजक्यात लावा, मोठी-लहान मिसळून. आणि लावू नये तिथं लावू नका. कणकुंबी-चोरल्याकडचे कातळाचे सडे उघडे दिसतात म्हणून लोक तिथं खड्डे मारतात. पावसात त्या सड्यावर जी इवली फुलं येतात, त्यांचं घर उघडा कातळच आहे.

वनखात्याच्या रोपवाटिकेतून रोपं मिळतात, स्वस्तात मिळतात, घ्यायला हरकत नाही. पण गाडीत काय चढवलंय ते बघून घ्या. निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, गुलमोहर ओढ्याकाठी नको, फुकट दिले तरी नको. काठ ज्या शेतकऱ्याला लागून आहे त्याला आधी भेटा, सावलीनं त्याचं भात मारलं जाणार नाही अशा जागा त्यालाच दाखवायला सांगा. खात्याची कृषी अरण्य प्रोत्साहन योजना आहे, जगलेल्या रोपामागे शेतकऱ्याला तीन वर्षं दरवर्षी पैसे मिळतात. त्याच्या बांधावरची झाडं त्यात बसवून घेता आली तर रोपांना शाळेपेक्षा चांगला राखणदार मिळेल.

राखण तीन वर्षं. खड्ड्याभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या, गुरांसाठी. बुंध्याशी पालापाचोळा, ओलीसाठी. जानेवारीत भोवतीचं दोन हात गवत कापून टाकायचं, कारण फेब्रुवारीपासून कुठून तरी आग येतेच. मार्च ते मे आठवड्याला एक कळशी. सुट्टीत मुलं मामाच्या गावाला जातात हे धरूनच चला, आणि ओढ्याजवळ घर असलेल्या दोन-तीन मुलांकडे ती पाळी आधीच सोपवा. त्यांच्या आयांना शाळेत बोलावून सांगा. पोरगं विसरलं तरी आई विसरत नाही.

आणि शाळा उघडते त्या पहिल्या आठवड्याचं काम आजच वहीत लिहून ठेवा. जांभळाचं बी दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही, वाळवून डब्यात ठेवलंत तर संपलंच. मुलांना सांगा, जांभळं खा, जीभ निळी करून या, आणि बिया धुऊन दुसऱ्याच दिवशी आणा. त्याच दिवशी पेरा. महिनाभरात एकेका बियातून कधी दोन, कधी तीन कोंब वर आलेले दिसतील. मग मुलंच तुम्हाला विचारतील की बी एक आणि झाडं तीन कशी. जोरातला एक कोंब ठेवायचा आणि बाकीचे काढायचे, हे सांगायची घाई मात्र करू नका. आधी त्यांना मोजू द्या.